खिडकीकडची गादी

ओला डाग घासायचा नसतो, दाबायचा असतो. सोफावाल्याच्या बायकोला हे कोणी शिकवलं नव्हतं. घासून घासून गालिच्याची लव उपटून हातात आली तेव्हा तिचं तिलाच कळलं. आता तिची पद्धत पक्की झाली होती. जुना सुती टॉवेल चौपदरी करायचा, डागावर टाकायचा आणि वर टाच रोवून उभं राहायचं. ओल वर चढली की टॉवेल उलटा करायचा. मग थंड पाणी. गरम पाणी चुकूनसुद्धा नाही, कारण गरम पाण्यानं वास धाग्यात जाऊन बसतो आणि जुन्या भाडेकरूसारखा हलायचं नाव घेत नाही. मग पांढऱ्या व्हिनेगरमध्ये निम्मं पाणी, मग वरून खायच्या सोड्याचा थर, आणि तो वाळला की व्हॅक्यूम. हे सगळं करताना एक कान जिन्याकडे लावलेला. नवरा यायच्या आत सगळं कोरडं दिसलं तर दिवस पार पडला.

नाही दिसलं तर ढोल्या मार खायचा.

ढोल्या म्हणजे कुत्रा. पिल्लू होता तेव्हा नवऱ्याच्या कारखान्यात फोमच्या कात्रणांच्या ढिगात सापडला होता. पोट टम्म फुगलेलं, म्हणून ढोल्या. पुढं तो अंगानं अगदी काटकुळा निघाला, पण नाव एकदा चिकटलं ते चिकटलं. घरात मूलबाळ नव्हतं. बाईची सगळी माया त्या काटकुळ्या अंगावर सांडली आणि त्यानंही ती सव्याज परत केली. ती स्वयंपाकघरात गेली की हा उंबऱ्यात, ती न्हाणीघरात गेली की हा दाराबाहेर. आणि स्वच्छतेच्या बाबतीत तर त्याच्याकडून माणसांनी शिकावं. पिल्लू असतानासुद्धा त्याला लागली की तो दाराशी जाऊन कुं कुं करायचा. घरात त्यानं कधी पाय वर केला नव्हता. हे ती छातीठोकपणे सांगू शकली असती. पण सांगायचं कोणाला, आणि सांगितल्यावर पुढं काय, इथं सगळं घोडं अडलेलं होतं.

कारण डाग आप्पांचे होते.

आप्पा म्हणजे तिचे सासरे. शाळेत कवायतीचे मास्तर होते. निवृत्त होऊन जमाना लोटला तरी पाठ सरळ, मिशी कातरलेली, आणि आवाज असा की खालच्या गल्लीतल्या पोरांचे खेळ थांबावेत. सगळं शरीर हुकमात होतं, एक तेवढं सोडून. खिडकीशी सोफ्यावर बसून पेपर वाचता वाचता त्यांना कधी कळायचंच नाही, आणि कळेपर्यंत उशीर झालेला असायचा. पहिल्यांदा झालं तेव्हा ती चहा घेऊन आली होती. गादी ओली, खाली गालिच्यावर थेंब, आप्पांचा पायजमा गुडघ्यापर्यंत काळवंडलेला. आप्पा खिडकीबाहेर बघत होते. त्यांची मान लाल झाली होती. ढोल्या बिचारा त्यांच्या पायाशी झोपला होता.

"सूनबाई," आप्पा खिडकीकडे बघतच म्हणाले, "तुझ्या लाडक्यानं काय दिवे लावलेत बघ."

तिला हसू आलं नाही. एवढा ताठ माणूस, आणि असा केविलवाणा खोटं बोलतोय.

"हो आप्पा," ती म्हणाली. "मी पुसते. तुम्ही कपडे बदला, त्यानं तुमच्यावरही उडवलंय."

झालं. तिनं भलेपणानं केलं आणि तिथंच फसली. खोटं आप्पांचं होतं, पण त्याला टेकू तिनं दिला, आणि टेकू एकदा दिला की काढून घेता येत नाही. वरचं घर डोक्यावर येतं.

नवऱ्याला खरं सांगावं तर तेही धड नव्हतं. नवरा म्हणजे सोफावाला. गल्लीत, बाजारात, सगळीकडे त्याला सोफावालाच म्हणायचे. हातात जादू होती. मोडका सांगाडा नेऊन टाकावा आणि आठवड्यानं राजाचं आसन घेऊन यावं. पण हात जितका कसबी तितकाच सैल. रागावला की समोर माणूस आहे, भिंत आहे की भांडं आहे, बघायचा नाही. आणि बापाशी त्याचं जुनं वैर होतं. लग्नानंतर एकदा त्यानं तिला ते हसत हसत सांगितलं होतं. लहानपणी तो अंथरूण ओलं करायचा. बराच मोठा होईपर्यंत. आप्पा ती ओली चादर त्याच्या गळ्यात बांधायचे आणि शाळेच्या वेळेला फाटकाशी उभा करायचे. येणाऱ्या जाणाऱ्या प्रत्येक मुलाला त्यानं सांगायचं, मी अंथरूण ओलं केलं. आवाज बारीक झाला की मागून वेताची छडी. "पाठ ताठ, आवाज मोठा," असं म्हणायचे. सांगताना नवरा हसत होता, पण चहाचा कप त्यानं बशीत ठेवला तेव्हा बशी खडखडली होती. अशा माणसाला जाऊन सांगायचं, की तुमचा बाप आता गादी ओली करतो? म्हाताऱ्याचा तो चोळामोळा करील, याबद्दल तिला शंका नव्हती. कुत्रा तरुण होता. कुत्र्याला चार फटके पडतील, तो अंग झटकेल आणि विसरेल. असा हिशेब तिनं केला, आणि मुक्या जीवाच्या पाठीवर केलेले हिशेब सगळ्यांचे असेच चुकतात.

पहिला मार तसा बेताचाच होता. सोफ्याच्या तळाला विणतात तो जाड पट्टा नवऱ्याच्या खांद्यावर नेहमीच असायचा. त्यानं घरात पाऊल टाकलं, नाक वर केलं, आणि विचारलं, "हा वास कसला?"

आप्पा पेपरातून डोकं वर न काढता म्हणाले, "कुत्र्याला विचार."

नवऱ्यानं तिच्याकडे बघितलं. तिनं मान डोलावली. मग त्यानं ढोल्याला गळपट्ट्याला धरून फरफटत आणलं, थेट आप्पांच्या पायाशी, त्याचं नाक ओल्या जागेवर दाबलं आणि पट्ट्याचे फटके हाणले. ढोल्याला काय चाललंय तेच उमगेना. तो आधी शेपूट हलवत राहिला, खेळ असेल म्हणून. तिसऱ्या फटक्याला ओरडला. ती स्वयंपाकघरात ओट्याला धरून उभी राहिली आणि नळ मोठा सोडला.

मग हे वरचेवर होऊ लागलं. पट्ट्यानं भागेना म्हणून लाथ आली. एकदा लाथ बरगडीत बसली आणि कुत्रा भिंतीवर आपटला, त्यानंतर बरेच दिवस त्याला खोकताना त्रास व्हायचा. एकदा ती मध्ये पडली. पट्टा तिच्या कोपराच्या खाली बसला आणि कातडी फाटून वर आली. नवरा क्षणभर थांबला, म्हणाला, "मध्ये येऊ नकोस, सांगून ठेवतो," आणि राहिलेले फटके पुरे केले. खरं सांगायचं तर त्याच्या रागालाही एक शिस्त होती. कुत्रा कुठंही असो, गच्चीवर असो की पलंगाखाली, तो त्याला ओढत आणायचा तो आप्पांच्या समोरच. आप्पा पेपर धरून बसायचे. पेपर हलायचा नाही. पानही उलटलं जायचं नाही.

तिनं आप्पांकडे वळसा घालून प्रयत्न केला. औषधाच्या दुकानातून मोठ्या माणसांचे लंगोट आणले आणि त्यांच्या पलंगावर गुपचूप ठेवून दिले. संध्याकाळी ते पाकीट तिच्या तोंडावर येऊन आदळलं.

"मला तान्हं बाळ समजतेस काय?"

"आप्पा, कोणालाच कळणार नाही. आतून घालायचं असतं."

"कळायला आहे काय त्यात? कुत्रा आवरत नाही तुला, आणि मला लंगोट घालायला निघालीस. उद्या पाळण्यात घाल."

ते पाकीट तिनं कपाटाच्या तळाला टाकलं आणि मोर्चा पुन्हा डागांकडे वळवला. म्हातारा बदलत नाही, नवरा बदलत नाही, मग उरलं काय, तर वास. वासच नाहीसा केला की भांडणाचं कारणच संपलं.

प्राण्यांच्या दुकानातली बाई मोठी बोलघेवडी होती. तिनं एक बाटली काढून दिली. यात जिवाणू असतात, म्हणाली, ते वास खातात. मात्र घाई करायची नाही. डाग जेवढा खोल तेवढं औषध खोल जायला हवं. ओतायचं, वर प्लास्टिक झाकायचं आणि एक दिवस त्याला हात लावायचा नाही. "आणि अमोनिया असलेलं काही अजिबात वापरू नका," बाई म्हणाली. "त्याचा वास कुत्र्याला दुसऱ्या कुत्र्यासारखा वाटतो, मग तो मुद्दाम तिथंच करतो. वास मुळापासून गेला ना, की जनावर ती जागाच विसरतं."

"जनावर विसरेल हो," ती म्हणून गेली, आणि बाई बघतच राहिली.

औषध मात्र गुणाचं निघालं. गालिचा शुद्ध झाला. नाक टेकवून हुंगलं तरी नुसता लोकरीचा वास. पण गादी दाद देईना. गादीत फोम, आणि फोम पितो. वर कितीही पुसा, दुपारी ऊन खिडकीतून आलं की आतला वास वर यायचा. त्यात तो सोफा म्हणजे नवऱ्याचा जीव की प्राण. मोठं गिऱ्हाईक असलं की तो त्याला घरी आणायचा आणि म्हणायचा, बसून बघा, मग बोलू. शेवटी नवऱ्यानंच एका सुट्टीच्या दिवशी खिडकीकडची गादी उचलली, गच्चीवर नेली आणि शिवण उसवून फोम बदलला. ती खाली जिन्याशी थांबली होती. तो तासाभरानं उतरला, नवी गादी जागेवर बसवली, वर दोन थापा मारल्या आणि आप्पांना म्हणाला, "बसा."

काही बोलला नाही. तिला हायसं वाटलं. वाटलं, सुटलो. त्यानंतर मार वाढला, तरी तिच्या डोक्यात काही प्रकाश पडला नाही. माणूस भीतीनं किती आंधळं होतं याचा हा नमुना.

त्या दिवशी दुपारी गिऱ्हाईक आलं, नवराबायको. नव्या हॉटेलची सगळी बैठक करायची होती. सोफावाल्यानं पांढरा शर्ट घातला होता. आप्पांना त्यांच्या खोलीत पाठवलं होतं. ती पाणी घेऊन बाहेर आली आणि तिला दिसलं, की हॉटेलवाल्याची बायको नेमकी खिडकीकडच्या गादीवर बसली आहे. आणि गादी ओली होती. आप्पा उठून गेले ते तसेच गेले होते.

बाई बसली तशीच उठली. मागं हात लावून बघितलं, हात नाकाशी नेला. चेहरा असा झाला की सगळं आलं त्यात. "कुत्रा आहे वाटतं तुमच्याकडे," ती म्हणाली. तिचा नवरा घसा खाकरत म्हणाला, "फोन करतो." करणार नव्हता हे भिंतींनाही समजलं. सोफावाला त्यांना जिन्यापर्यंत पोचवून आला. हसत गेला आणि हसतच आला, आणि ते हसू तसंच ठेवून त्यानं दाराला आतून कडी घातली.

"आप्पा," त्यानं हाक मारली. "जरा बाहेर या."

आप्पा कपडे बदलून आले. धुतलेला पायजमा, भांग पाडलेला. खिडकीकडच्या गादीकडे त्यांनी बघितलंही नाही, कोपऱ्यातल्या खुर्चीत बसले, पाठ ताठ. नवऱ्यानं दाराआडून सोफ्याचा एक लाकडी पाय काढला. कारखान्यातून दुरुस्तीला आणलेला, गोल घडवलेला, मनगटाएवढा जाड. ढोल्या टेबलाखाली होता. त्याला सगळं कळलं होतं. ओढलं तेव्हा त्याची नखं गालिच्यात अडकली आणि धागे तुटल्याचा आवाज झाला.

पहिला घाव मागच्या पायावर बसला. काहीतरी मोडलं. त्या किंकाळीनं तिच्या आतलंही मोडलं. कुत्रा विसरेल, म्हातारा मात्र मोडेल, असला तिचा तो सगळा हिशेब एका क्षणात राख झाला आणि ती ओरडली, "अहो, थांबा. त्यानं नाही केलं. त्यानं कधीच नाही केलं."

"माहीत आहे," नवरा म्हणाला.

तिला वाटलं आपण काहीतरी भलतंच ऐकलं.

"मला शिकवतेस? आयुष्य गेलं गाद्या उसवण्यात." तो अगदी हळू बोलत होता. "कुत्रा पाय वर करतो. त्याचा डाग बाहेरून लागतो, झालरीला, पायांना. हा डाग गादीच्या मधोमध, वरून आत उतरलेला. वर ताटलीएवढा, खाली परातीएवढा. हा बसलेल्या माणसाचा डाग आहे. म्हाताऱ्या माणसांच्या घरचे सोफे काय कमी उघडलेत मी? गच्चीवर शिवण उसवली त्याच दिवशी कळलं."

"मग त्याला कशाला मारताय?" तिनं विचारलं. "माहीत होतं तर इतके दिवस कशाला मारलंत?"

"मग कोणाला मारू? यांना मारू?" त्यानं लाकडी पाय आप्पांकडे रोखला. "बापावर हात टाकला म्हणून गावभर तोंड काळं करू? मी हात नाही लावत त्यांना. मी फक्त त्यांच्या समोर मारतो. त्यांनी एकदा म्हणावं, मी केलं. बस. दोन शब्द आहेत. मला फाटकाशी उभं करून म्हणायला लावायचे, शंभर पोरांसमोर. मी तर घरात विचारतोय, कडी लावून."

तिला सगळं लख्ख दिसलं. त्याचं ते फरफटत आणणं, तो न हलणारा पेपर. इतके दिवस या दोन पुरुषांचं बोलणं चाललं होतं ते तिच्या ढोल्याच्या अंगावर, आणि तिला वाटत होतं आपण त्यांना सांभाळतोय. आणि कोणाला लहानपणी चादर गळ्यात बांधून उभं केलं म्हणून त्याला मोठेपणी मुक्या जनावराची हाडं मोडायची मुभा मिळते, हे कुठल्या न्यायात बसतं?

"आप्पा," नवऱ्यानं विचारलं, "गादी कोणी ओली केली?"

आप्पांची मिशी हलली. "कुत्र्यानं," ते म्हणाले.

लाकडी पाय खाली आला. ढोल्यानं अंग मुडपलं, घाव पाठीवर बसला.

"कोणी केली?"

"सांगितलं ना. कुत्र्यानं."

पुन्हा. या वेळी तिनं नवऱ्याच्या दंडाला लोंबकळून बघितलं. त्यानं झटकली तशी ती टेबलावर आपटली, खालचा ओठ दातात सापडला. तिला चव लागली रक्ताची. नवऱ्याशी झुंजून उपयोग नव्हता. त्याचे हात लाकूड वाकवणारे. थांबवू शकत होता तो एकच माणूस, आणि तो खुर्चीत बसला होता.

तिनं आप्पांचे पाय धरले. "म्हणा ना आप्पा. एकदा म्हणा. इथं बाहेरचं कोणी नाही. मी इतके दिवस तुमचं धुतलं, पुसलं, अवाक्षर काढलं नाही. माझ्यासाठी म्हणा."

"मी कशाला म्हणू?" आप्पा तिच्या डोक्यावरून समोरच्या भिंतीकडे बघत होते, जसे कवायतीला उभे असावेत. हनुवटी मात्र थरथरत होती. "न केलेलं मी कबूल करत नसतो. कुत्रा तुझा. तुला आवरत नाही, त्याला मी काय करू? मरत असेल तर मरू दे."

मागं लाकूड हाडावर बसल्याचा आवाज झाला, आणि या वेळी ढोल्या ओरडला नाही.

ती उठली आणि तिनं आप्पांच्या थोबाडीत मारली.

एक नाही. उजव्या हातानं मारली, मान वळली, तशी उलट्या हातानं मारली. चष्मा उडाला. पुन्हा मारली. सगळ्या दुपारी, सगळे टॉवेल, सोडा, व्हिनेगर, ते तोंडावर फेकलेलं पाकीट, कोपराखालचा व्रण, सगळं तिच्या तळव्यात उतरलं होतं. आणि खोटं कशाला बोला, तिला बरं वाटलं. मारताना फार बरं वाटलं. सोफावाल्याला काय वाटत असेल ते तिला त्या क्षणी कळलं.

आप्पांनी दोन्ही हात डोक्यावर घेतले होते. पाठ वाकली होती. त्यांच्या धुतलेल्या पायजम्यावर ओल पसरत होती.

"मी केलं," ते म्हणाले. आवाज इतका बारीक की त्यांचा वाटेना. "मी केलं, सूनबाई. मला कळत नाही गं. मारू नकोस."

नवरा लाकडी पाय हातात धरून उभाच राहिला. ते दोन शब्द त्यानं ऐकले होते. लहानपणापासून थांबला होता त्यांच्यासाठी, आणि आले तेव्हा ते त्याच्याकडे बघून आलेच नव्हते. मग लाकूड टाकून तो धावला आणि बायकोला त्यानं अशी ढकलली की ती सोफ्याच्या हातावर पडली.

"माझ्या बापावर हात टाकतेस?"

तो गुडघ्यावर बसला. चाचपडत चष्मा शोधला, शर्टाच्या टोकानं पुसला, काच तडकली होती तरी बापाच्या नाकावर नीट बसवला. "आप्पा, लागलं का? बघू. मान वर करा, बघू." आप्पांनी मान वर केली नाही. पोराच्या खांद्याआडून ते तिच्या हाताकडे बघत राहिले, पुन्हा उठतो का म्हणून.

तिला त्या दोघांशी काही कर्तव्य उरलं नव्हतं. ढोल्या भिंतीपर्यंत सरपटत गेला होता. मागचा पाय लोळागोळा, कानातून रक्त, पण डोळे उघडे, जिवंत. तिनं मनात ठरवूनही टाकलं होतं. त्याला शालीत गुंडाळायचं, कडी काढायची, जिना उतरायचा, आधी जनावरांचा डॉक्टर, मग बहिणीचं घर, आणि या घरात पुन्हा पाऊल नाही. ती त्याच्यापाशी जाऊन बसली. कितीही मार खाल्ला तरी रोज संध्याकाळी तो याच मांडीत डोकं खुपसायचा, हाच तळवा चाटत झोपायचा.

"चल बाळा," ती म्हणाली. "चल माझ्या राजा. जाऊ आपण."

आणि हात पुढं केला.

ढोल्यानं कान पाडले. तो त्या हाताकडे बघत मागं मागं सरकला, भिंत लागली तरी सरकत राहिला, सगळं अंग लटलट कापत होतं. त्यानं सगळं पाहिलं होतं. ती "अरे, मी आहे" म्हणाली, हात आणखी पुढं नेला, आणि तिच्या बोटांचं टोक त्याच्या डोक्याला लागायच्या आत त्याच्या पोटाखालून ओल निघाली आणि गालिच्यावर पसरत तिच्या गुडघ्याला येऊन लागली. त्या घरात ढोल्यानं गालिचा ओला केला तो तेव्हा, पहिल्यांदा, आणि तिला भिऊन.